प्रेक्षागाराचे गाणे

करावे गावातून निघून सीवूड्सचे रेल्वेस्थानक ओलांडावे, नेरूळचे एकेक विभाग मागे टाकीत शीव-पनवेल महामार्गाची दिशा धरावी, म्हणजे तीन-चार किलोमीटरांच्या आत डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमचे विस्तीर्ण छत दृष्टीस पडते. खाडीतील मासळी, आगरातील मीठ आणि खारजमिनीतील भात यांवर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह केला, अशा आगरी-कोळ्यांचे एक जुने गाव या टोकाला. आणि २००८ साली उभे राहिलेले, पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांना सामावून घेणारे क्रीडागार त्या टोकाला. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करावयाच्या असे सरकारदरबारी मुक्रर झाले, तेव्हा ज्यांची शेते आणि मिठागरे इतिहासजमा होऊन महसुली दप्तरांत केवळ गावठाण शिल्लक राहिले, अशा गावांपैकी करावे हे एक होय.

या नव्या शहराच्या वाट्याला मोठा फुटबॉल उशिरा आला, परंतु आला तो इतमामाने आला. इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच हंगामात, १८ ऑक्टोबर २०१४ रोजी, मुंबई सिटी संघाने नेरूळच्या या मैदानावर पुणे सिटीचा ५–० असा पराभव केला आणि आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियन खेळाडूने त्या स्पर्धेच्या इतिहासातील पहिली हॅट्‌ट्रिक येथे नोंदविली. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने आणि माली विरुद्ध स्पेन ही उपान्त्य लढत येथे झाली. आणि ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, ज्यात स्पेनने कोलंबियावर १–० असा विजय मिळविला, तोही याच भूमीवर खेळला गेला. खेळाडू जगाच्या कानाकोपऱ्यांतून आले, हिरवळ आंतरराष्ट्रीय दर्जाची होती, बंदोबस्त चोख होता. परंतु फुटबॉलचा सामना ज्या एका गोष्टीने इतर खेळांहून वेगळा ओळखू येतो, ती प्रेक्षकांच्या कंठातून उठणाऱ्या समूहगानाची गोष्ट सरकारी आदेशाने किंवा संयोजकांच्या खर्चाने निर्माण होत नाही. ती कशी जन्मास आली, कोणत्या परिस्थितीत रुजली, आणि आपल्या मुलखात ती रुजावयाची झाल्यास कोठे रुजेल, याचा थोडा विस्ताराने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फुटबॉलचे नियम लंडनमध्ये १८६३ साली लेखनिविष्ट झाले, तेव्हा तो खेळ मुख्यत्वे सुखवस्तू घरांतील विद्यार्थ्यांचा होता. पुढील दोन-तीन दशकांत, कारखान्यांच्या कायद्यांमुळे शनिवारी दुपारनंतर सुटी मिळण्याचा शिरस्ता पडला आणि गिरण्या, गोद्या व खाणी यांतील मजूर हाती आलेला तो मोकळा प्रहर घेऊन मैदानांकडे लोटू लागला. हा मजूर मुका नव्हता. शनिवारची संध्याकाळ तो ज्या संगीतगृहांत घालवीत असे, तेथे रंगमंचावरील गायकाने ध्रुपद उच्चारताच सारे सभागृह त्याच्या आवाजात आवाज मिसळीत असे. आणि रविवारच्या सकाळी प्रार्थनामंदिरात त्याच कंठातून स्तोत्रे निघत. सामन्यापूर्वी आणि मध्यंतरात पितळी वाद्यांचे बँड मैदानावर फिरत, ते ओळखीच्या चाली वाजवीत आणि लोक त्यांवर गात. याचा अर्थ असा, की गाण्याला मैदानाचा मार्ग कोणी मुद्दाम आखून दिला नाही. ते मद्यगृहातून, मंदिरातून आणि रस्त्यावरून लोकांच्या बरोबरच तेथे आले.

या आरंभकाळाची काही उदाहरणे मोठी बोलकी आहेत. पोर्टस्मथ या आरमारी शहराच्या नगरभवनावरील घड्याळ ठोके देताना जी स्वरावली वाजवीत असे, तीच तेथील प्रेक्षकांनी उचलली आणि आपल्या संघास चेतविण्यासाठी तिच्यावर शब्द बसविले. दिवसातून कितीदा तरी कानी पडणारा, ज्याचा कर्ता कोणी विचारीत नाही आणि जो सर्वांच्या मालकीचा आहे, असा तो नाद शतकाहून अधिक काळ त्या शहराची रणगर्जना होऊन राहिला आहे. नॉर्विच येथील संघाचे गीत संघाच्याही आधीचे आहे: संघ १९०२ चा, तर गीत १८९० च्या दशकातील. उलट, सर एडवर्ड एल्गार यांच्यासारख्या थोर संगीतकाराने वॉल्व्हरहॅम्प्टनच्या संघावरील प्रेमापोटी, बिली मॅलपास या खेळाडूच्या एका गोलाचे वृत्तपत्रीय वर्णन वाचून, १८९८ मध्ये त्या शब्दांना चाल लावली. पण तिचा मान इतिहासातील एक कुतूहल म्हणूनच राहिला. समूहाच्या कंठात काय उतरावे याचा निर्णय समूहच करतो; रचनाकाराची योग्यता तेथे चालत नाही.

वेल्सच्या लोकांचा या इतिहासात विशेष वाटा आहे. खाणींचा आणि स्तोत्रगायनाचा हा देश; येथे चार-चार स्वरपंक्तींत गाणारे सामान्य मजूर गावोगाव होते. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ येथे न्यूझीलंडच्या रग्बी संघाने आपले माओरी युद्धनृत्य संपविताच वेल्सच्या खेळाडूंनी उत्तरादाखल आपले राष्ट्रीय गीत आरंभिले आणि हजारो प्रेक्षकांनी ते उचलून धरले. सामन्यापूर्वी राष्ट्रगीत गाण्याचा जो प्रघात आज जगभर आहे, त्याचे मूळ अनेकजण या प्रसंगात पाहतात.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, २३ एप्रिल १९२७ रोजी, कार्डिफ सिटी आणि आर्सेनल या संघांमध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एफ. ए. चषकाचा अंतिम सामना झाला. त्या सुमारास ‘डेली एक्सप्रेस’ या वृत्तपत्राने गावोगाव सामुदायिक गायनाचे मेळावे भरविण्याची मोहीम काढली होती आणि त्या मोहिमेचा एक भाग म्हणून या सामन्यापूर्वी उंच मंचावर उभा राहिलेला एक संचालक लाखाच्या आसपासच्या समुदायाला गाण्यात सामील करून घेत होता. कार्यक्रमात लोकप्रिय गाण्यांबरोबर ‘अबाइड विथ मी’ हे स्तोत्रही होते. आणि तेव्हापासून आजपर्यंत त्या अंतिम सामन्यापूर्वी ते गायिले जाते. मृत्यूच्या छायेत बसलेल्या हेन्री फ्रान्सिस लाइट या धर्मोपदेशकाने १८४७ मध्ये लिहिलेले, मावळतीच्या वेळी परमेश्वराची सोबत मागणारे हे पद खेळाच्या रणधुमाळीत कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु पहिले महायुद्ध संपून नऊ वर्षेही झाली नव्हती, आणि त्या समुदायात ज्याने भाऊ, मुलगा किंवा मित्र गमावला नाही असा मनुष्य विरळा. आपणा भारतीयांना हे स्तोत्र अपरिचित नाही: ते महात्मा गांधींना अत्यंत प्रिय होते, आणि दिल्लीतील बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यात २९ जानेवारीच्या संध्याकाळी ते अनेक दशके वाजविले जात असे, २०२२ साली त्या कार्यक्रमातून ते वगळण्यात आले.

तरीही १९२७ चे ते गायन वरून चालविलेले होते. मंचावर संचालक होता, पाठीशी वृत्तपत्र होते, हातात छापील शब्द होते. प्रेक्षकांनी स्वतः होऊन, कोणाचाही इशारा न घेता, रेडिओवरचे चालू गाणे उचलावे आणि आपले करावे, ही आज आपण जिला फुटबॉलची गायनपरंपरा म्हणतो ती गोष्ट पूर्णार्थाने घडली ती लिव्हरपूलमध्ये, १९६३–६४ च्या हंगामात. तेथील संघाच्या मैदानाच्या एका टोकाला कॉप या नावाचा जो भव्य चढ आहे, तेथे त्या काळी सुमारे अठ्ठावीस हजार माणसे उभ्याने सामना पाहत. हे नावही आपल्याशी संबंध सांगणारे आहे. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतील स्पिऑन कॉप या टेकडीवर जो रक्तपात झाला, त्यात लिव्हरपूलकडील पुष्कळ सैनिक कामी आले. आणि १९०६ साली बांधलेल्या या चढाला त्यांच्या स्मरणार्थ त्या टेकडीचे नाव मिळाले. त्याच टेकडीच्या परिसरातून जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या हिंदी शुश्रूषा पथकात तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी होते.

कॉपवर जागा मिळवावयाची तर सामन्याच्या पुष्कळ आधी यावे लागे. तो रिकामा वेळ, खांद्याला खांदा भिडलेली दाटी, आणि बीटल्समुळे त्या वर्षी आपले बंदर साऱ्या जगाच्या संगीताचे केंद्र झाले आहे हा अभिमान, या तीन गोष्टी एकत्र आल्या. मैदानाचा निवेदक त्या आठवड्यातील लोकप्रिय दहा गाण्यांच्या तबकड्या दहाव्या क्रमांकापासून उलट क्रमाने लावीत असे, म्हणजे खेळाडू मैदानात येण्याच्या बेतात पहिल्या क्रमांकाचे गाणे वाजावे. १९६३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा पहिला क्रमांक सलग चार आठवडे लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्स या वाद्यवृंदाच्या ‘यू’ल नेव्हर वॉक अलोन’ या गाण्याकडे होता. रॉजर्स आणि हॅमरस्टीन यांनी १९४५ साली ‘कॅरोसेल’ या अमेरिकन संगीतिकेसाठी रचलेले, पतिनिधनाने खचलेल्या नायिकेला धीर देणारे हे गाणे दर सामन्याच्या आधी वाजे आणि कॉप ते गाई. पुढे ते दहांच्या यादीतून खाली उतरले आणि साहजिकच निवेदकाने त्याची तबकडी बाजूला ठेवली. परंतु प्रेक्षकांनी ते सोडले नाही. ध्वनिक्षेपक गप्प झाल्यानंतर ज्या क्षणी हजारो माणसांनी ते आपण होऊन आरंभिले, त्या क्षणी ते गाणे तबकडीवरच्या गायकाचे राहिले नाही. त्याचे स्वामित्व प्रेक्षागाराकडे आले.

एप्रिल १९६४ मध्ये लिव्हरपूलने आर्सेनलला ५–० असे हरवून अजिंक्यपद मिळविले, त्या दिवशी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ या कार्यक्रमाचे चित्रीकरण तेथे झाले. त्या चित्रफितीत बीटल्सची आणि सिला ब्लॅकची गाणी एका स्वरात गाणारा, सागराच्या लाटेप्रमाणे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर झुलणारा तो जनसमुदाय आजही पाहावयास मिळतो. पुढच्याच ऑगस्टात बीबीसीने ‘मॅच ऑफ द डे’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. त्याचा पहिला सामनाही लिव्हरपूलच्याच मैदानावरचा होता. एका शहराची सवय दूरचित्रवाणीच्या द्वारे साऱ्या देशाच्या दिवाणखान्यांत पोहोचली आणि पाहता पाहता प्रत्येक गावाचा संघ आपापले गाणे शोधू लागला. स्कॉटलंडच्या सेल्टिकने आणि जर्मनीच्या डॉर्टमुंडने तर लिव्हरपूलचेच गाणे आपलेसे केले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर गर्दीच्या चेंगराचेंगरीने लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचे प्राण गेले. त्यानंतर या गाण्याला शोकाची आणि न्यायासाठी चाललेल्या प्रदीर्घ झगड्याची धार चढली. चौकशीच्या शिफारशींनुसार मोठ्या मैदानांवर सर्वत्र खुर्च्या आल्या, १९९४ साली कॉपवरील उभी गर्दी संपली. गाणे मात्र उभ्यानेच चालू आहे.

आता एका साध्या प्रश्नाचा विचार करू. हजारो गाण्यांतून नेमकी काहीच गाणी मैदानावर का टिकतात? याचे उत्तर काही अंशी ध्वनिशास्त्रात आहे. हवेतून नाद सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. मोठ्या क्रीडागाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर दोनशे मीटरांच्या घरात असते. म्हणजे समोरच्या बाजूचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचावयास अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ जातो. द्रुत लयीचे, शब्दांची दाटी असलेले गाणे या अंतरात विस्कटते. विलंबित लयीचे, दीर्घ स्वरांवर रेंगाळणारे गाणे मात्र तो विलंब पोटात घालून पुढे सरकते. म्हणूनच मैदानावर आलेले गाणे बहुधा मूळ तबकडीपेक्षा संथ होते. दुसरे असे, की ज्याची स्वरमर्यादा सात-आठ स्वरांच्या आत आहे, ज्यात अवघड उडी नाही, आणि ज्याच्या ओळी ‘आ’ किंवा ‘ओ’ अशा मोकळ्या स्वरावर विसावतात, ते अशिक्षित कंठाला सहज पेलते. तिसरे, कोणीतरी उचलावे आणि बाकीच्यांनी झेलावे, अशी फेक-झेल त्यात असावी लागते; कारण हजारो माणसे एकाच क्षणी आपोआप आरंभ करू शकत नाहीत.

या नियमांचे एक आधुनिक प्रत्यंतर आहे. व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन जोडीने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सेव्हन नेशन आर्मी’ या गाण्याचा आरंभ तंतुवाद्यावरील सात स्वरांच्या एका ठाशीव फिरतीने होतो. त्या वर्षी २२ ऑक्टोबर रोजी मिलानमध्ये सामन्यासाठी गेलेल्या बेल्जियमच्या क्लब ब्रुगच्या चाहत्यांनी ती फिरत एका मद्यगृहात ऐकली; शब्दांची गरज नव्हती, त्यांनी केवळ ‘ओ-ओ’ या नादावर ती गायिली; संघाने एसी मिलानला १–० असे नमविले आणि ती चाल विजयचिन्ह होऊन ब्रुगला परतली. २००६ च्या फेब्रुवारीत रोमाचा संघ ब्रुगला खेळावयास आला, त्याच्या चाहत्यांनी ती आपल्याबरोबर नेली, आणि त्याच उन्हाळ्यात इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा सारा देश ती रस्त्यारस्त्यांतून गात होता. तीन वर्षांत एका गाण्याचा एवढा प्रवास झाला, तो एका कंठातून दुसऱ्या कंठात, अशा सर्वांत जुन्या मार्गाने.

ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसविण्याची ही युक्ती मराठी माणसाला कोणी शिकवावी लागेल, असे नाही. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रतींत प्रत्येक पदाच्या माथ्यावर ते कोणत्या प्रचलित पदाच्या चालीवर म्हणावयाचे, याची नोंद असते. गेल्या शतकाच्या आरंभी गणेशोत्सवांतील मेळ्यांनी, सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घेऊन त्यांत राष्ट्राचा, समतेचा आणि आत्मसन्मानाचा आशय भरला. आजही कीर्तनकार आणि भजनी मंडळे चित्रपटांच्या चालींवर अभंग म्हणतात. पंढरीच्या वाटेवर शेकडो दिंड्यांतून मैलोन्‌मैल चाललेले वारकरी एकाच अभंगाचे ध्रुपद टाळांच्या ठेक्यावर ज्या शिस्तीने झेलतात, तिच्यापुढे कॉपचे गायनही थक्क होऊन उभे राहील. सारांश, समूहगानाचे भांडवल आपल्याकडे अपार आहे. मैदानाच्या दारापाशी येऊन ते अडते एवढेच.

भारतात ते दार उघडल्याची उदाहरणे आहेत. कोलकात्यात फुटबॉल हा घराघराचा विषय. तेथे १९७१ च्या ‘धन्यी मेये’ या चित्रपटात नचिकेता घोष यांच्या संगीतात मन्ना डे यांनी फुटबॉलवरचे जे गाणे गायिले, ते पडद्यावरून उतरून मैदानावर आले आणि बंगाली रसिकांच्या दोन-तीन पिढ्यांचे होऊन राहिले. महाराष्ट्रात मात्र फुटबॉलच्या प्रेक्षकाचे खरे माहेर कोल्हापूर आहे. नेरूळच्या क्रीडागाराला ज्यांचे नाव आहे ते डॉ. डी. वाय. पाटील हे मूळचे कोल्हापूरकडचे, हा योगायोगही ध्यानात घेण्यासारखा आहे. संस्थानी काळापासून राजाश्रय लाभलेल्या या खेळाला तेथे कुस्तीच्या तालमींनी आपल्या पोटाशी घेतले. म्हणून आजही तेथील संघांची नावे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशी आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगामाच्या दिवसांत पेठापेठांतील माणसे लोटतात. आपल्या संघाच्या रंगाचे झेंडे, हलगीचा कडकडाट, घुमक्याचा ठेका आणि त्यांवर उठणारे पुकारे यांनी मैदान दुमदुमते. जी हलगी कुस्तीच्या फडात पैलवानाच्या अंगात वीज भरते, तीच येथे आघाडीच्या खेळाडूला पुढे रेटते. कोल्हापुरातील प्रेक्षक ज्या आवाजाने आपला संघ उभा करतो तो त्याने परदेशी चित्रफितीतून उचललेला नाही. तो त्याच्या पेठेचा आहे, तालमीचा आहे.

याच ठिकाणी एक कटू गोष्टही नोंदविली पाहिजे. जेथे पेठेचा अभिमान आहे तेथे पेठेचे वैरही आहे. आणि कोल्हापुरातील काही सामन्यांना हुल्लडबाजीचे आणि हाणामारीचे गालबोट लागले आहे. इंग्लंडमध्ये तर प्रतिपक्षाच्या वंशावरून, वर्णावरून, धर्मावरून रचलेली किळसवाणी गाणी प्रेक्षागारांतून घुमली आणि ती थांबविण्यासाठी १९९१ साली संसदेला कायदा करावा लागला. समूहाचा कंठ हा स्वभावतः पुण्यवान नसतो. त्यात जे भराल तेच तो हजारपटीने परत देतो. पण यावर उपाय म्हणून कंठच बंद करावा, हा विचार मला मान्य नाही. शिवी जेथे गाण्याची जागा घेते, तेथे बहुधा गाणे उपलब्धच नसते, असा अनुभव आहे. स्वतःच्या संघावर प्रेम करावयास शब्द आणि चाल मिळाली, म्हणजे दुसऱ्याच्या द्वेषाला लागणारा दम उरत नाही.

आता पुन्हा करावे-नेरूळकडे वळू. या परिसरातील गावठाणांत हिवाळ्याच्या दिवसांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने रात्र-रात्र रंगतात. दिव्यांच्या झोतात मैदान उजळलेले असते, एका बाजूला मांडवात समालोचक बसलेला असतो, फलंदाजाचे नाव तो त्याच्या गावासह आणि वडिलांच्या नावासह पुकारतो. आणि चेंडू सीमेपार गेला, की त्याचा आवाज थांबून ध्वनिक्षेपकावर कोळीगीताचे ध्रुपद दोन-चार सेकंद वाजते, तेवढ्यात कडेला बसलेली पोरे ते उचलतात, आणि पुढचा चेंडू पडेपर्यंत, ध्वनिक्षेपक बंद झाल्यावरही, म्हणत राहतात. ज्याला लिव्हरपूलच्या १९६३ चा इतिहास माहीत आहे, त्याने ही दोन-चार सेकंदे लक्षपूर्वक पाहावीत. कारण तबकडीवरचे गाणे प्रेक्षकांच्या मालकीचे होण्याची जी क्रिया तेथे एका हंगामात घडली, तिचेच बीज येथे प्रत्येक चौकारागणिक पडत आहे.

आणि हे बीज ज्या भूमीत पडते ती कसदार आहे. कोळ्याचे गाणे मुळात श्रमाचे गाणे आहे. वल्ही एका वेळी पाण्यात पडावीत, जाळे सर्वांनी एकदम ओढावे, यासाठी एकाने हाक द्यावयाची आणि इतरांनी साथ द्यावयाची, या गरजेतून त्याची लय घडली. पुढे शान्ता शेळके यांच्या शब्दांतून आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातून ती ‘मी डोलकर’सारख्या गीतांच्या रूपाने महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंतच्या प्रत्येक विधीला धवलारीण धवले धरते आणि जमलेल्या बायका तिच्यामागून ते म्हणतात. तिच्याशिवाय लग्न पुरे झाल्यासारखे वाटत नाही. गणपतीच्या दिवसांत घरोघर फिरून आरत्या म्हणणाऱ्या मुलांना लय कोठे चढवावयाची आणि कोठे एकदम थांबावयाचे, हे कोणी शिकविलेले नसते. संथ लय, थोडे स्वर, मोकळे स्वरान्त, हाक आणि साथ: मैदानावरील गाण्याला लागणारे सारे गुण ध्वनिशास्त्राने सांगण्यापूर्वीच या गाण्यांत उतरलेले आहेत, कारण तीही भिंतींच्या आत नव्हे, तर वाऱ्यावर आणि पाण्यावर गाण्यासाठी जन्मलेली आहेत.

असे असताना, मोठ्या सामन्यांच्या वेळी आपल्या क्रीडागारांत काय होते? दारे उघडल्यापासून ध्वनिक्षेपक अखंड चालू असतो. कोठे केव्हा ओरडावे हे पडद्यावर अक्षरांनी दाखविले जाते. गोल झाला की त्याच क्षणी कानठळ्या बसविणारे संगीत सुटते आणि पन्नास हजार माणसांचा स्वाभाविक उद्गार त्याखाली गाडला जातो. संयोजकांचा हेतू चांगलाच असतो. प्रेक्षकाला कंटाळा येऊ नये असे त्यांना वाटते. परंतु ज्या कंटाळ्याला ते भितात, तोच कॉपच्या गायनाची जन्मभूमी होता. सामन्यापूर्वीच्या त्या रिकाम्या वेळात माणसे एकमेकांकडे पाहतात, कोणीतरी धिटाईने एक ओळ उचलतो, दहा जण झेलतात, मग शंभर. हा वेळ ध्वनिक्षेपकाने व्यापून टाकला, म्हणजे प्रेक्षक हा श्रोता होऊन बसतो. आणि श्रोत्यांची कितीही मोठी गर्दी जमली तरी तिच्यातून परंपरा निर्माण होत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आणि बिनखर्चाची आहे. नेरूळला पुढे जेव्हा जेव्हा फुटबॉलचा मोठा सामना होईल, तेव्हा खेळ सुरू होण्यापूर्वीची शेवटची दहा मिनिटे आणि गोलानंतरचे पहिले एक मिनिट ध्वनिक्षेपक पूर्णपणे बंद ठेवावा. प्रेक्षागाराचा एक भाग करावे, दारावे, नेरूळ, सारसोळे, शिरवणे अशा भोवतालच्या गावांतील तरुणांसाठी परवडणाऱ्या दरात राखून ठेवावा आणि त्यांना आपला बेंजो, आपली ढोलकी आत आणण्याची मुभा द्यावी. कोणते गाणे म्हणावयाचे हे मात्र कोणी ठरवू नये. ना क्लबने, ना पालिकेने, ना माझ्यासारख्या लेखकाने. ते कदाचित जुने कोळीगीत असेल, कदाचित परवाच्या चित्रपटातले असेल, कदाचित एखाद्या आरतीच्या चालीवर मधल्या फळीतील खेळाडूचे नाव बसविलेले असेल. पहिल्या सामन्याला ते विस्कळीत होईल, दुसऱ्याला थोडे सावरेल. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले, त्या गावांचा या शहराच्या सर्वांत मोठ्या वास्तूत आवाज असावा, ही मागणी न्यायाचीही आहे आणि खेळाच्या हिताचीही. आणि इतर पुष्कळ मागण्यांप्रमाणे तिच्यासाठी कोणाच्या सहीशिक्क्याची वाट पाहण्याचे कारण नाही, पहिली ओळ उचलणारा एक धीट कंठ तेवढा हवा.